आख, धाव आणि कमानपाटा

जुन्या जीपचा खालचा भाग उतरवून तो नव्याने बांधण्याचे काम वऱ्हाडात एक वेगळे कसब म्हणून वाढले, याचे मुख्य कारण तिथली माती. इथला दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. दर्यापूर गाव पूर्णेला मिळणाऱ्या चंद्रभागेच्या काठी वसले आहे. या खोऱ्यात गाळाचा थर इतका जाड आहे की खडक फार खोलवर लागतो, आणि रस्त्यावर टाकायला दगड किंवा मुरूम लांबून आणावा लागतो. वरची माती काळी, कपाशीला मानवणारी, पण चाकाशी वैर धरणारी. मृगाच्या पहिल्या सरीनंतर ती फुगते आणि चाकाला लपेटून वर चढते. चैत्रात तिला पाय मुरगळावा अशा भेगा पडतात आणि ओल्यात उमटलेल्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात. त्यात हा भाग अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने धुतलेले लोखंड गोड्या पाण्याच्या गावापेक्षा लवकर गंजते. अशा मुलखात गाडीच्या खाली काय आहे, हाच प्रश्न कायम महत्त्वाचा राहिला.

जीपच्या आधी इथे बंडी होती आणि बंडीच्या आधी लमाणांचे तांडे होते. वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. 1825-26 च्या सुमारास पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून कापूस मुंबईकडे पाठवायला सुरुवात केली आणि व्यापाराचे तोंड पश्चिमेकडे वळले. तरीही वाहतूक बराच काळ पाठीवरचीच राहिली, कारण चांगली गाडी नव्हती आणि गाडीजोगा रस्ताही नव्हता. दख्खनच्या इतर भागांतही असेच होते. 1830 च्या दशकात गेसफर्ड या महसुली मोजणीवरच्या इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे सुधारित गाड्यांचा कारखाना काढला, तेव्हा त्या बाजूला भरीव चाकांच्या जड गाड्याच जास्त होत्या. आऱ्यांचे हलके चाक खेडोपाडी पोचले ते त्यानंतर.

वऱ्हाडातल्या बंडीचे चाक म्हणजे सुतार आणि लोहार या दोघांनी मिळून केलेली वस्तू. मधला तुंबा बाभळीचा, कारण बाभूळ सहसा फुटत नाही. तुंब्यात साधारणपणे बारा आरे, आणि घेरावर दोन आऱ्यांना एक याप्रमाणे सहा लाकडी पुठ्ठे. वरचा सांगाडा, म्हणजे साटा, सागाचा; तो मेळघाटच्या बाजूने येई. आख आधी लाकडाचा, पुढे लोखंडी. खरी परीक्षा धाव बसवताना होई. लोखंडी पट्टीची ही कडी चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवायची. ती जमिनीवर आडवी मांडायची, भोवती गोवऱ्यांचा आहार रचायचा आणि लाल होईपर्यंत तापवायची. तापून ती फुगली की तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची आणि घण मारून खाली बसवायची. लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचे. पाणी पडताच धाव आकसते, पुठ्ठे एकमेकांत घट्ट दाबले जातात आणि सगळे चाक कुरकुरत आवळते. कडी एक बोटभर मोठी राहिली तर वैशाखात लाकूड सुकल्यावर ती रस्त्यातच निसटते. फार लहान ठेवली तर आरे वाकतात. हे माप कुठल्या पुस्तकात नव्हते. लोहार ते चाकावरून आणि पट्टीवरून फिरकी फिरवून, फेरे मोजून काढी.

बंडीला हादरा झेलणारी कमान नसते. चाकोरीतला हादरा आखातून थेट साट्यात आणि साट्यातून माणसाच्या मणक्यात जातो. दमणीसारख्या बसायच्या गाड्या हलक्या आणि डौलदार असत, पण मालाच्या बंडीत हादरा सोसणे हे गृहीतच होते. तुंब्यात एरंडेल आणि काजळीचे वंगण भरायचे, आखाच्या टोकाला खीळ मारायची आणि वंगणाचे नळकांडे साट्याखाली टांगून निघायचे, एवढीच देखभाल. मात्र बंडीत एक गोष्ट आपोआप साधलेली असते, जी मोटारीत फार यातायात करून साधावी लागते. बंडीचा आख फिरत नाही. त्यावर दोन्ही चाके आपापली फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागले तरी अडत नाही. इंजिनाने आखच फिरवायचा ठरवला की दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात, आणि मग त्यांना सोडवण्यासाठी मध्ये दातेरी चक्रांचा डबा घालावा लागतो. मोटारीच्या मागच्या आखाच्या पोटात जो गोल फुगवटा दिसतो तो हा डबा.

1867 मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला आणि कापसाचा लांबचा प्रवास रुळांवर गेला. दर्यापूरला रेल्वे आली ती विसाव्या शतकात. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अडीच फुटी अरुंद मार्गाची गाडी, जिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले, 1913 मध्ये सुरू झाली आणि दर्यापूरचे स्थानक बनोसा या नावाने तिच्या वाटेवर आले. मँचेस्टरला 1921 साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावले. रेल्वेमुळे बंडीचे काम संपले नाही, उलट वाढले. शेतातून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगपासून स्थानकापर्यंत कापूस न्यायला बंडीच लागे. लांबचा पल्ला आगगाडीचा आणि शेवटचे काही कोस बंडीचे, अशी वाटणी झाली.

शेवटचे हे कोस सरकारी कागदावर कसे आले, तेही पाहण्यासारखे आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1920 च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यांचा देशव्यापी विचार मांडला. डिसेंबर 1943 मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामरस्ते अशी विभागणी केली. विकसित शेतीच्या भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर असू नये, हे नागपूर योजनेचे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट चांगले होते, पण त्याचा दुसरा अर्थ असा की पाच मैलांपर्यंतची कच्ची वाट सरकारने मान्यच केली होती. पूर्णाकाठच्या काळ्या मातीत पाच मैल म्हणजे काय, हे पावसाळ्यात बाळंतीण घेऊन निघालेल्या माणसाला विचारावे. जीपचे खरे आयुष्य गेले ते या पाच मैलांत.

जीप हे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य. अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी 1941 ते 1945 या काळात ती लाखोंच्या संख्येने बनवली. पुढे-मागे दोन्ही आख सलग, चारही चाकांना ओढ आणि चारही कोपऱ्यांवर कमानपाटे. रचनेत नाजूक असे काही नव्हते, आणि तोच तिचा मोठा गुण ठरला. युद्ध संपल्यावर जुन्या जीप दुरुस्त करून विकण्याचा धंदा जगभर चालला. त्याचा चटका स्वतंत्र भारतालाही बसला. 1948 साली लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीप परदेशातून घेण्याचा करार झाला. त्यांपैकी 155 बंदरात उतरल्या आणि लष्कराने त्या निकामी म्हणून नाकारल्या. संसदेत गाजलेले हे जीप प्रकरण सरकारने 1955 मध्ये बंद केले. जुनी गाडी वरून रंगवली म्हणजे नवी होत नाही, हे या देशात सर्वांत आधी जीपनेच शिकवले.

मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने 1949 मध्ये अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. पुढच्या दशकात उंच बॉनेटची सीजे-3बी ही जीप इथे बनू लागली. पुढच्या आणि मागच्या आखांतले तिचे अंतर 80 इंच. खेड्यात तिला कोणी या नावाने ओळखत नव्हते. जीप म्हणजे सरकार, एवढेच लोकांना ठाऊक होते. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पाठोपाठ विकास गट आणि गटविकास अधिकारी आले आणि अधिकाऱ्याबरोबर जीप आली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या स्थापन झाल्यावर जीपची संख्या आणखी वाढली. आरोग्य केंद्राची जीप, वनखात्याची जीप, निवडणुकीत भोंगा बांधून फिरणारी जीप. सरकारी सेवेतून बाद झालेल्या गाड्या लिलावात निघत; त्या शेतकऱ्यांकडे, कापूस व्यापाऱ्यांकडे आणि प्रवासी वाहतूक करणाऱ्यांकडे जात. मिस्त्रीचे खरे काम इथून पुढे सुरू होई, कारण लिलावातल्या जीपचे इंजिन एक वेळ धड असे, खालचा भाग क्वचितच.

कमानपाट्याची रचना पाहिली की लोहाराच्या हाताला ती लगेच का जमली हे कळते. वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गुंडाळून डोळे केलेले असतात. सगळ्या पट्ट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट, आणि चिमटीत धरावा तसे आखाला आवळणारे दोन यू-बोल्ट. एक डोळा चासीला पिनेने पक्का, दुसरा शॅकलला टांगलेला, कारण कमान दबली की लांब होते आणि त्या लांबीला जायला जागा हवी. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घासण्यानेही थोडा हादरा विरतो. गुंडाळीची स्प्रिंग तुटली तर ती बदलण्यावाचून इलाज नसतो. कमानीचा एक पाटा तुटला तर तेवढाच बदलता येतो, आणि भट्टी व ऐरण असेल तिथे बसलेली कमान पुन्हा उचलता येते. ज्या गावात सुटा भाग मिळायला अकोला किंवा अमरावती गाठावी लागे, तिथे हाच फरक निर्णायक होता.

बसलेली कमान उचलण्याचे काम असे चालते. यू-बोल्टांच्या आट्यांवर आदल्या रात्री रॉकेल किंवा डिझेल सोडून ठेवायचे. तरीही निम्मे नट गॅसने कापावेच लागतात. डाव्या-उजव्या कमानीवर खडूने खुणा करायच्या, पाट्यांची संख्या लिहून ठेवायची आणि मगच सेंटर बोल्ट काढायचा, कारण तो निघताच दाबलेल्या पट्ट्या उसळून उघडतात. मग एकेक पट्टी टांगून हातोडीने वाजवायची. मडके घेताना बाया बोटाने वाजवून पाहतात तसेच हे: चांगला पाटा खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. मातीने आणि गंजाने झाकलेली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत दोरी ताणून मधली उंची मोजतात आणि चांगल्या कमानीचा बाक फरशीवर खडूने काढून ठेवतात.

बाक पुन्हा आणायचे दोन मार्ग आहेत. थोडी बसलेली कमान थंडच ठोकतात. पट्टी दोन आधारांवर ठेवून मधून टोकाकडे, बोटा-बोटाच्या अंतरावर, एकसारखे घाव घालत जायचे. एके ठिकाणी जोराचा घाव पडला की तिथे कोपरा होतो आणि पुढे पाटा तिथेच तुटतो. फार बसलेली कमान भट्टीत घालावी लागते. कमानीचे पोलाद सिलिकन आणि मँगेनीज मिसळलेले असते. ते 900 अंशांच्या आसपास तापवून बाक द्यायचा, लगेच तेलात बुडवायचे आणि मग पुन्हा चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. शेवटची पायरी गाळली तर कमान काचेसारखी फुटते. नुसते तापवून वाकवलेला आणि तसाच गार होऊ दिलेला पाटा दिसायला उत्तम असतो, पण चार महिन्यांत लोळतो. भट्टीला थर्मामीटर नसतो. लालसर, नारिंगी, पिवळट हे रंग ओळखणारा डोळाच ते काम करतो. धाव तापवणाऱ्या लोहाराला हे रंग नव्याने शिकावे लागले नाहीत. पण तेल आणि दुसरा ताव हे मात्र त्याच्यासाठी नवे होते, आणि ज्या भट्ट्यांनी ते आत्मसात केले त्याच टिकल्या.

जोडताना प्रत्येक धाकट्या पाट्याला वरच्यापेक्षा किंचित जास्त बाक ठेवतात, म्हणजे सेंटर बोल्ट आवळला की सगळे पाटे एकमेकांना घट्ट धरतात. मध्ये ग्रीस लावावे की नाही, यावर मिस्त्रींचे एकमत नाही. कोरड्या मुलखात ग्रीस चांगले. काळ्या चिखलात ते माती धरून ठेवते आणि मग तीच पट्ट्या झिजवते, म्हणून अनेक जण जुन्या ऑइलचा हात फिरवून थांबतात. पूर्णेच्या खोऱ्यात दुसराच पक्ष बरोबर वाटतो. जुन्या विलीस जीपच्या काही शॅकलना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला शिकाऊ पोरगा जोर लावून ते सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो, आणि उस्तादाचे बोलणे खातो. पिनांचे नट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून तिचे वजन कमानीवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळला जातो आणि फाटतो. यू-बोल्ट काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळायचे. बहुतेक मालक त्यासाठी परत येत नाहीत.

आखाचे काम जास्त वेळखाऊ. नाला ओलांडताना तापलेले हब आणि हाउसिंग एकदम गार पाण्यात जातात. आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. हाउसिंगच्या माथ्यावर हवा जा-ये करण्यासाठी लहानसे छिद्र असते. ते चिखलाने बुजलेले असेल तर हे हमखास घडते. खालचा बोल्ट सोडला आणि तेल ताकासारखे पांढरट निघाले की बेअरिंगांवर आशा ठेवण्यात अर्थ नसतो. पुढच्या आखात चाक वळवणारा सांधा वरखाली किंगपिनांवर फिरतो. त्या सैल झाल्या की विशिष्ट वेगाला पुढची चाके नाचू लागतात आणि स्टेअरिंग हातात थरथरते. त्यावर पातळ पत्र्याच्या चकत्या कमी करून ताण बसवतात आणि ताणकाट्याने ओढून तो तपासतात.

मागच्या डब्यातली मोठी दातेरी चकती म्हणजे क्राउन आणि तिला फिरवणारा पिनियन. विलीसच्या नागरी जीपमध्ये क्राउनला 43 आणि पिनियनला 8 दाते असत, म्हणून ती सावकाश पण न कुरकुरता चढे. हे दोघे एकमेकांत किती खोल बसावेत, हे मिलिमीटरच्या दशांशात ठरते. ते पाहण्यासाठी दात्यांवर तेलात कालवलेला शेंदूर लावून चक्र फिरवतात. मारुतीच्या अंगावर चढणारा शेंदूर इथे आखाच्या पोटात जातो. शेंदूर पुसलेला ठसा दात्याच्या मधोमध आला तर बसवणी बरोबर. काठाशी आला तर चकत्या बदलून पुन्हा सगळे पहिल्यापासून. हा ठसा न पाहता डबा बंद केला तर पहिल्याच दिवशी कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि मग सगळा आख पुन्हा उतरवावा लागतो.

1980 नंतर जीपवरचा भार बदलला. पेट्रोल महागल्याने जुन्या जीपमध्ये मॅटॅडोरसारख्या गाड्यांची डिझेल इंजिने बसवण्याची लाट आली. डिझेल इंजिन जड. पुढच्या कमानी त्याखाली बसू लागल्या. महिंद्र कंपनीनेही 1985 मध्ये प्यूजो बनावटीच्या डिझेल इंजिनाची एमएम 540 आणली. याच सुमारास लांब सांगाड्याच्या जीप काळी-पिवळी म्हणून धावू लागल्या. जिथे एसटी दिवसातून दोनदा येई तिथे या गाड्या माणसे भरून, मागच्या पायरीवर उभी करून, टपावर पोती बांधून जात. त्यासाठी मागच्या कमानीत एक-दोन पाटे जास्तीचे घालण्याची रीत पडली. जास्तीच्या पाट्यांनी कमान बसत नाही हे खरे, पण रिकामी गाडी दगडासारखी आपटते आणि मग चासीलाच चिरा जातात. कमानीने सोसायचे ते सांगाड्याने सोसावे, हा सौदा वाईटच होता.

पुढे रस्ते सुधारले आणि गाड्याही बदलल्या. मेळघाटात आणि शहानूरच्या बाजूला सफारीसाठी फिरणारी जिप्सी 1985 ते 2010 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली आणि तिनेही चारही कोपऱ्यांवर कमानपाटेच ठेवले. महिंद्रच्या 2010 च्या थारमध्ये मागे पाटे होते. 2020 च्या थारमध्ये तेही जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंग आल्या. दर्यापूर बाजूच्या शेतवाटांवर आता ट्रॅक्टर जास्त जातो, आणि पांदण रस्त्यांना खडी घालण्यासाठी राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने वेगळी योजना आखली. जुन्या जीप आता कामापेक्षा हौसेसाठी जास्त बांधल्या जातात. हौशी मालकाला गाडी उंच हवी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. मूळ मापाचा कमानपाटा नव्याने बांधणे ही दुरुस्ती ठरते. शॅकल लांबवून गाडी उचलणे हा बदल ठरतो.

उरतो तो तुटका पाटा. त्याचे पोलाद बाजारातल्या साध्या लोखंडापेक्षा कितीतरी चिवट असते, म्हणून लोहार तो भंगारवाल्याच्या हाती सहसा लागू देत नाहीत. मेन पाट्याचा लांब तुकडा वखराच्या पाशीला जातो, धाकट्या पाट्यांचे विळे आणि कोयते होतात.